उंदराचं डोकं दुखतं, हे कुणी सांगितलं?

प्रश्न : गेली वीस वर्षं मला अर्धशिशी आहे. महिन्यातून दोन-तीनदा तरी पडदे ओढून अंधारात पडून राहावं लागतं. परवा पेपरात एक चौकट वाचली, की कुठल्याशा झाडाच्या पानातल्या द्रव्याने उंदरांची अर्धशिशी कमी झाली. वर्गात मुलांना मी नेहमी सांगते, शंका आली की विचारा. म्हणून आज मीच विचारते. उंदराचं डोकं दुखतंय, आणि तेही अर्धंच, हे शास्त्रज्ञांना कळतं तरी कसं? आणि ते द्रव्य आम्हाला चालेल का?
– एक शिक्षिका, सांगली

उत्तर : कळत नाही. उंदराला अर्धशिशी होते की नाही हेच कुणाला ठाऊक नाही. अर्धशिशीचं निदान माणसातही रुग्णाच्या सांगण्यावरच होतं. कुठे ठणकतं, किती तास, उजेड सहन होतो का, पोटात ढवळतं का, एवढं विचारूनच डॉक्टर ठरवतात. रक्ताच्या तपासणीत ती दिसत नाही, एमआरआयमध्येही नाही. मग जो बोलतच नाही त्याचं निदान करणार कसं?

‘उंदरांची अर्धशिशी बरी झाली’ हे वाक्य बहुतेक वेळा चौकट लिहिणाऱ्याचं असतं. मूळ शोधनिबंधात काहीतरी रूक्ष लिहिलेलं असतं : नायट्रोग्लिसरीन टोचलेल्या उंदरांच्या मेंदूच्या अमुक भागात अमुक प्रथिन असलेल्या पेशींची संख्या घटली. या दोन वाक्यांमध्ये जी दरी आहे, तिच्यात आजवर बरीच औषधं पडली आहेत.

तुम्ही झाडाचं नाव लिहिलेलं नाही. म्हणून ज्याचा माग माणसापासून उंदरापर्यंत आणि परत माणसापर्यंत नीट काढता येतो, असं एक झाड घेऊ. त्याचं नाव फीवरफ्यू. शेवंतीच्या कुळातलं, गुडघाभर उंचीचं, पांढऱ्या पाकळ्या आणि मध्ये पिवळी टिकली असलेल्या फुलांचं. पानं कडूजहर. युरोपात ते परसदारी लावतात आणि ताप-डोकेदुखीवर शेकडो वर्षं वापरतात. १९७० च्या दशकात वेल्समधल्या एका डॉक्टरच्या पत्नीने रोज त्याची दोन-तीन पानं चावून अनेक वर्षांची अर्धशिशी पळवल्याची बातमी पसरली आणि ब्रिटनमध्ये हजारो लोक ही पानं ब्रेडमध्ये घालून खायला लागले. पानातल्या कडवट द्रव्यांपैकी मुख्य द्रव्य म्हणजे पार्थेनोलाइड. पुढे उंदरांवर तपासलं गेलं ते हेच.

आता उंदराकडे येऊ. मराठीत आपण लहान-मोठ्या सगळ्यांना उंदीरच म्हणतो, पण प्रयोगशाळेत रॅट आणि माऊस ही दोन वेगळी जनावरं आहेत. इथे रॅटबद्दल बोलतो आहोत : पांढरा, लाल डोळ्यांचा, पाव किलोच्या आसपास वजनाचा. विस्टार या जातीचं नाव तुम्ही ऐकलं असेल. फिलाडेल्फियाच्या विस्टार संस्थेत विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ती तयार झाली, आणि आपल्याकडच्या फार्मसी कॉलेजांच्या ॲनिमल हाउसमध्येही बहुधा तिचेच वंशज तुसावर पसरलेले दिसतात.

या उंदराला आधी ‘डोकेदुखी’ द्यावी लागते, आणि त्यासाठी वापरतात नायट्रोग्लिसरीन. सुरुंगाच्या दारूत असतं तेच, आणि छातीत कळ आली की जिभेखाली ठेवायच्या गोळीच्या घराण्यातलंही तेच. ती गोळी घेतलेल्या कुणालाही विचारा, छाती मोकळी होते पण डोकं भणभणतं. दारूगोळ्याच्या कारखान्यांतल्या कामगारांना हे आधीच ठाऊक होतं. रविवारी सुटी घेऊन सोमवारी कामावर आलं की डोकं फुटायचं, आठवडाभरात शरीर सरावायचं, आणि पुढच्या सोमवारी पुन्हा तेच. डेन्मार्कमध्ये येस ओलेसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हीच गोष्ट शिस्तीत तपासली. निरोगी माणसाला नायट्रोग्लिसरीन शिरेतून दिलं तर थोडा वेळ डोकं जड होतं आणि उतरतं. ज्याला अर्धशिशी आहे त्याचंही डोकं आधी तसंच जड होतं, पण काही तासांनी त्याला नेहमीचा, ओळखीचा, खराखुरा झटका येतो. तो माणूस स्वतःच सांगतो, ‘हो, हेच ते.’

१९९५ मध्ये टासोरेली आणि जोसेफ या दोन संशोधकांनी नायट्रोग्लिसरीन उंदरांना दिलं आणि काही तासांनी मेंदूत काय होतं ते पाहिलं. चेहऱ्याची आणि मेंदूभोवतीच्या आवरणाची संवेदना वाहून नेणारी एक जाड नस आहे, ट्रायजेमिनल. ती मानेच्या वर, मेंदूच्या देठात जिथे पोचते, तिथल्या पेशी खडबडून जाग्या झालेल्या दिसल्या. माणसाच्या अर्धशिशीतही वेदनेचा रस्ता हाच असतो, म्हणून ही पद्धत रूढ झाली.

फक्त एक आकडा लक्षात ठेवा. माणसाला झटका आणायला शरीराच्या किलोमागे सुमारे १० मायक्रोग्रॅम नायट्रोग्लिसरीन पुरतं. उंदराला किलोमागे १० मिलिग्रॅम देतात, म्हणजे हजारपट.

मग मोजायचं काय? तुम्हाला सर्वांत जास्त कुतूहल याचंच असणार, म्हणून इथे जरा थांबू.

पहिलं साधन म्हणजे धागा. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी माक्स फॉन फ्राय या जर्मन शास्त्रज्ञाने काडीच्या टोकाला केस चिकटवून माणसाच्या कातडीची स्पर्शसंवेदना मोजली होती. आज केसाऐवजी ठरावीक जाडीचे नायलॉनचे धागे असतात. प्रत्येक धागा वाकण्याआधी किती ग्रॅमचा दाब देतो हे ठरलेलं असतं. उंदराला छोट्या पेटीत स्थिरावू देतात आणि डोळ्याच्या वरच्या बाजूला, कपाळावर, धाग्याचं टोक हलकेच टेकवतात. एरवी उंदीर लक्षही देत नाही. नायट्रोग्लिसरीननंतर मात्र अगदी नाजूक धाग्यालाही तो डोकं झटकतो आणि पंजाने तोंड पुसतो. झटक्याच्या दिवशी केसांतून कंगवा फिरवणंही नकोसं होतं, हे तुम्हाला माहीत असेल. उंदरात मोजतात ते त्याच्या जवळचं काहीतरी.

दुसरं साधन म्हणजे उंदराचा चेहरा. २०१० मध्ये कॅनडाच्या मॅकगिल विद्यापीठात जेफ्री मोगिल यांच्या गटाने माऊसच्या चेहऱ्यावरून वेदना ओळखण्याची मोजपट्टी मांडली, आणि वर्षभरात रॅटसाठीही तशी पट्टी तयार झाली. डोळे किती मिटलेत, नाक-गाल किती सपाट झालेत, कान कसे वळलेत, मिश्या कशा ताठरल्यात, प्रत्येकाला शून्य, एक किंवा दोन गुण. गुण देणाऱ्याला कोणत्या उंदराला काय टोचलंय ते माहीत नसतं. तपासायला बसलेल्या परीक्षकापासून नाव झाकून ठेवतात, तसंच.

उजेड नकोसा होतो का हे पाहायला अर्धी उजेडाची, अर्धी अंधाराची पेटी असते, आणि उंदीर कुठे किती वेळ बसतो ते मोजतात. मळमळीची गंमत वेगळीच. उंदीर ओकूच शकत नाही, त्याच्या शरीराची रचनाच तशी. पण पोटात ढवळलं की तो माती खातो. म्हणून पिंजऱ्यात पांढऱ्या मातीचे खडे ठेवून किती कुरतडले ते तोलतात.

शेवटची मोजणी उंदीर मारूनच होते. मेंदूच्या देठाचे पातळ काप काढून रंगवतात. चेतापेशी उत्तेजित झाली की तासा-दोन तासांत फॉस नावाचं प्रथिन तयार करते, ते काळ्या ठिपक्यांसारखं दिसतं, आणि कुणीतरी सूक्ष्मदर्शकाखाली एकेक ठिपका मोजत बसतं. भारतात असा प्रयोग करायचा तर संस्थेच्या प्राणी-नीतिसमितीची मंजुरी लागते, किती उंदीर आणि का, हे आधी लिहून द्यावं लागतं. तरी शेवट हाच असतो. ते झाकून लिहिण्यात अर्थ नाही.

पार्थेनोलाइडचं काय झालं? इटलीत पाव्हिया इथल्या गटाने २००५ मध्ये नेमका हाच प्रयोग केला. फीवरफ्यूचा पार्थेनोलाइड वाढवलेला अर्क दिलेल्या उंदरांत ट्रायजेमिनलच्या मुक्कामी असलेले फॉसचे ठिपके घटले. शुद्ध पार्थेनोलाइडनेही नायट्रोग्लिसरीनने जाग्या होणाऱ्या मेंदूच्या इतर काही भागांतल्या पेशी शांत राहिल्या. म्हणजे पानात जे काम करतं ते बहुधा हेच द्रव्य, एवढं म्हणायला आधार मिळाला.

कसं काम करतं, याचा पत्ता मात्र वेगळ्याच झाडाने दिला. कॅलिफोर्नियात एक तमालपत्राच्या कुळातलं झाड आहे. त्याला तिथे ‘डोकेदुखीचं झाड’च म्हणतात, कारण पानं चुरगाळून वास घेतला की काहींचं डोकं उठतं. फ्लॉरेन्सच्या शास्त्रज्ञांनी २०१२ मध्ये दाखवलं की त्या वासातलं द्रव्य चेतातंतूंवरची एक खिडकी उघडतं. तिचं नाव ट्रिप-ए-वन. तुम्ही तिला नावाने नाही तरी अनुभवाने ओळखता. लोणच्यासाठी मोहरी फेसताना वाफ नाकातून थेट कपाळात जाते आणि डोळ्यांतून पाणी येतं, तेव्हा मोहरीने हीच खिडकी उघडलेली असते. फ्लॉरेन्सच्याच गटाने २०१३ मध्ये उंदरांवर पाहिलं की पार्थेनोलाइडही ही खिडकी उघडतं, पण अर्धवट, आणि मग ती अशी बधिर होते की पुढे मोहरीने धडका मारल्या तरी दाद देत नाही. एक झाड डोकं उठवतं, दुसरं शांत करतं, आणि दोघांची खिडकी एकच. मला तरी या सगळ्या कथेतला हाच भाग सर्वांत देखणा वाटतो.

देखणी गोष्ट खरी ठरतेच असं नाही, म्हणून आता पडलेल्या औषधाची हकिगत ऐका. उंदराच्या ट्रायजेमिनल नसेला विजेने डिवचलं की मेंदूच्या आवरणातल्या रक्तवाहिन्या पाझरू लागतात. बॉस्टनचे मायकल मॉस्कोविट्झ यांनी या पाझराचा बारकाईने अभ्यास केला. अर्धशिशीची जुनी औषधं हा पाझर थांबवत, त्यामुळे जे पाझर थांबवील ते औषध, असा हिशेब मांडला गेला. ‘सबस्टन्स पी’ नावाच्या रेणूला अडवणाऱ्या औषधांनी उंदरातला पाझर सुरेख थांबवला. १९९० च्या दशकात ती माणसांना दिली, आणि त्यांची अर्धशिशी जशीच्या तशी राहिली. उंदराने खोटं सांगितलं नव्हतं. आपण त्याला प्रश्नच चुकीचा विचारला होता.

याच्या उलट सीजीआरपीची गोष्ट. इथे सुरुवात माणसापासून झाली. पीटर गोड्सबी आणि लार्स एडविन्सन यांनी झटका चालू असलेल्या रुग्णांच्या मानेतल्या शिरेतून रक्त घेतलं, आणि १९९० मध्ये दाखवलं की त्यात सीजीआरपी हा रेणू वाढलेला असतो. मग त्याला अडवणारी औषधं शोधणं सुरू झालं. इथे उंदराने जवळजवळ घोळच घातला होता. ओल्सेगेपँट नावाचं पहिलं चांगलं औषध माणसाच्या पेशीवर घट्ट बसायचं, उंदराच्या पेशीवर मात्र शंभरपटीहून अधिक सैल. कारण शोधलं तर सीजीआरपी जिथे चिकटतो त्या कुलपाच्या एका भागात ७४ व्या जागी माणसात ट्रिप्टोफॅन असतं आणि उंदरात लायसिन. एका मण्याचा फरक. कुणी फक्त उंदरावर भरवसा ठेवला असता तर हे औषध त्याने केराच्या टोपलीत टाकलं असतं. २००४ मध्ये ते माणसात चाललं. २०१८ पासून याच वाटेवरची इंजेक्शनं आणि पुढे गोळ्या बाजारात आल्या. मॉस्कोविट्झ, गोड्सबी, एडविन्सन आणि ओलेसन या चौघांना मिळून २०२१ चा ब्रेन प्राइझ मिळाला.

आणखी एक खोट सांगून ठेवते. अर्धशिशी बायकांना पुरुषांच्या सुमारे तिप्पट होते. तरी वर्षानुवर्षं हे प्रयोग मुख्यतः नर उंदरांवर झाले, कारण मादीच्या पाळीच्या चक्राने आकडे हलतात अशी तक्रार असे. ज्या चक्राने तुमचं डोकं उठतं, तेच अडचण म्हणून बाजूला ठेवलं. आता माद्याही घेतात, पण जुना निबंध वाचताना हे पाहायला हवं.

आता तुमचा दुसरा प्रश्न, चालेल का?

आधी मात्रा. उंदराची मात्रा माणसाला लावताना किलोमागच्या आकड्याला साधारण ६.२ ने भागतात, कारण लहान जनावर औषध भराभर संपवतं. समजा, उंदराला किलोमागे १० मिलिग्रॅम पार्थेनोलाइड दिलं. साठ किलोच्या माणसाला ते सुमारे ९७ मिलिग्रॅम होतं. वाळलेल्या चांगल्या पाल्यात पार्थेनोलाइड ०.२ टक्के धरलं, तर रोज जवळजवळ पन्नास ग्रॅम पाला चघळावा लागेल. लोक खातात दोन-तीन पानं. शिवाय उंदराला बरेचदा ते पोटात सुईने टोचलेलं असतं. तोंडातून गेलेलं द्रव्य आतडं आणि यकृत ओलांडून किती उरतं, हा हिशेब वेगळाच.

मग माणसांवर काय दिसलं? १९८५ मध्ये लंडनला १७ जणांवर चाचणी झाली. हे सगळे आधीपासून पानं खाणारे. आठ जणांना पानांची पूड चालू ठेवली, नऊ जणांना नुसत्या दिसायला तशाच कॅप्सूल दिल्या. त्या नऊ जणांची डोकेदुखी वाढली. पटण्यासारखं आहे, पण वर्षानुवर्षं घेतलेली गोष्ट अचानक बंद केल्यानेही डोकं दुखू शकतं. चहा सोडून पाहिलेल्या कुणालाही हे कळेल. १९८८ मध्ये नॉटिंगहॅमला ७२ जणांवरच्या चाचणीत झटके थोडे कमी झाले. १९९६ मध्ये नेदरलँड्समध्ये ५० जणांना अर्क दिला, काहीच फरक नाही. २००५ मध्ये जर्मन संशोधकांनी १७० रुग्णांवर खास काढलेला अर्क तपासला. महिन्याला पावणेपाचच्या आसपास झटके येत होते. अर्कवाल्यांचे सरासरी १.९ ने कमी झाले, नुसत्या कॅप्सूलवाल्यांचे १.३ ने. दोन्हींतला फरक महिन्याला अर्ध्या झटक्याहून जरासा जास्त. माझं मत विचाराल तर पान अगदीच निकामी नाही, पण भरवशाचंही नाही.

तरी कुणी ऑनलाइन कॅप्सूल मागवायच्या विचारात असेल, तर पानं चघळून तोंडात फोड येतात हे नोंदलेलं आहे, गरोदरपणी ती घेऊ नयेत, आणि रक्त पातळ करणारं औषध चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हात लावू नये. बटरबर नावाच्या दुसऱ्या झाडाचं उदाहरण ताजं आहे. अमेरिकेतल्या न्यूरॉलॉजिस्टांच्या अकादमीने २०१२ मध्ये अर्धशिशीसाठी त्याची शिफारस केली आणि २०१५ मध्ये मागे घेतली. अर्धशिशीवर गुण येत होता, पण यकृताला इजा झाल्याच्या तक्रारी आल्या.

आणि एक धोका खास आपल्याकडचा. फीवरफ्यूचं शास्त्रीय नाव टॅनासेटम पार्थेनियम. तुम्ही नेटवर ‘पार्थेनियम’ शोधलंत तर पहिल्यांदा समोर येईल ते पार्थेनियम हिस्टेरोफोरस, म्हणजे आपलं गाजर गवत. इंग्रजीत त्यालाही काही जण एका जातीचं फीवरफ्यूच म्हणतात. १९५५ च्या सुमारास पुण्यात कचऱ्याच्या ढिगांवर ते पहिल्यांदा लक्षात आलं, आयात गव्हाबरोबर आलं असं मानतात, आणि आज सांगलीतला एकही बांध त्याच्यापासून मोकळा नसेल. त्यातलं पार्थेनिन हे पार्थेनोलाइडच्याच रासायनिक घराण्यातलं, पण त्याची ख्याती आहे ती अंगावर चट्टे आणि खाज उठवण्याची. डोकेदुखीवरचं पान म्हणून कृपा करून ते कुणीही तोंडात घालू नका.

तुम्ही सध्या एवढं करा. साध्या वहीत तीन महिने नोंद ठेवा : झटका कधी आला, किती तास राहिला, पाळीची तारीख, आदल्या रात्रीची झोप, आणि कोणती गोळी किती वेळा घेतली. साध्या वेदनाशामक गोळ्या महिन्यातून १५ किंवा अधिक दिवस घेतल्या तर त्या गोळ्यांनीच डोकं दुखायला लागतं, मिश्र गोळ्यांच्या बाबतीत १० दिवसही पुरतात. ही वही घेऊन न्यूरॉलॉजिस्टकडे जा आणि झटके रोखण्यासाठी रोज घ्यायच्या औषधांबद्दल विचारा. वीस वर्षं नुसत्या गोळीवर ढकलत आला असाल, तर ते कदाचित कुणी सांगितलंच नसेल. डोकेदुखी अचानक वेगळ्या तऱ्हेची झाली, एखाद्या क्षणात कधी नव्हे इतकी तीव्र झाली, किंवा हातपाय लुळे पडले, तर वहीची वाट पाहू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा.

पेपरातली ती चौकट कापून ठेवली असेल तर आम्हाला पाठवा. झाड कोणतं आणि उंदरांना नेमकं काय विचारलं होतं, ते पाहून पुढच्या अंकात लिहू.